दारातच आकडा का विचारू नये

संसर्गाला उत्तर देताना शरीराचा तोल सुटतो आणि त्याच्याच अवयवांना इजा होऊ लागते, ही सेप्सिसची २०१६ सालची व्याख्या. कागदावर ती स्वच्छ आहे. रात्री कॅज्युअल्टीत हुडहुडी भरलेला, धाप लागलेला रुग्ण समोर असतो तेव्हा मात्र हा साधा ताप की सेप्सिसची सुरुवात, हे ती सांगत नाही. म्हणून रक्ताच्या एखाद्या तपासणीने हो किंवा नाही असे उत्तर द्यावे, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. ती किती जुनी आणि चिवट आहे पाहा: २०१० साली पिएराकोस आणि व्हिन्सेंट यांनी वैद्यकीय नियतकालिके चाळून सेप्सिसचे १७८ जैवसूचक मोजले, दहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा ते २५८ झाले होते. त्यातला एकही एकट्याने निकाल देण्याइतका भरवशाचा ठरलेला नाही. माझ्या मते दोष केवळ या रेणूंचा नाही. आपण त्यांना प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत.

सर्वांत जास्त अभ्यास झालेला प्रोकॅल्सिटोनिन घेऊ. एरवी हा थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन संप्रेरक बनण्याआधीचा टप्पा, आणि निरोगी माणसाच्या रक्तात तो जवळपास नसतोच. जिवाणूंचा जोरदार संसर्ग झाला की यकृतासह इतर अनेक ऊतीही तो तयार करू लागतात. पातळी दोन-चार तासांत चढू लागते आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दिवसाभरात निम्म्यावर येते. विषाणूंच्या आजारात शरीरातलेच इंटरफेरॉन त्याला दाबून धरते, म्हणून तो फारसा वाढत नाही. सीआरपी हे दाहात वाढणारे प्रथिन याहून संथ. त्याला शिखर गाठायला दीड-दोन दिवस लागतात. लॅक्टेटचे काम निराळे. पेशी किती ताणाखाली आहेत हे ते सांगते, पण त्यामागे संसर्ग आहे की नाही हे सांगत नाही.

आता गणित. २०१३ साली तीस अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात प्रोकॅल्सिटोनिनची संवेदनशीलता ७७ टक्के आणि विशिष्टता ७९ टक्के निघाली. ऐकायला आकडे बरे वाटतात. समजा, संशय घेऊन तपासलेल्या १००० रुग्णांपैकी १०० जणांना खरोखर सेप्सिस आहे. तपासणी त्यातल्या ७७ जणांना पकडेल, २३ जणांना सोडून देईल. सेप्सिस नसलेल्या उरलेल्या ९०० रुग्णांपैकी १८९ जणांचा रिपोर्टही ‘वाढलेला’ येईल. म्हणजे २६६ वाढलेल्या रिपोर्टांपैकी खरे सेप्सिसचे ७७, तीनातला एकही धड नाही. मोठे ऑपरेशन, भाजणे, अपघाताची जबर इजा, मूत्रपिंडाचा आजार, यांतही हा आकडा वर जातो. फॅल्सिपॅरम मलेरियातही जातो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात मलेरिया, लेप्टो आणि डेंगी एकाच वॉर्डात येऊन पडतात, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबण्यात काय अर्थ आहे ते उघड आहे. सुटलेल्या २३ जणांचे काय? आजार सुरू होताच लवकर आलेला रुग्ण, ज्याला ओळखायचे म्हणून ही सारी धडपड, त्याच्यात आकडा अजून चढलेलाही नसेल. २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणूनच अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही हे ठरवताना प्रोकॅल्सिटोनिनचा आधार घेऊ नये, असे सुचवतात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की अनुभवी डॉक्टर सगळीकडे नसतो. ग्रामीण रुग्णालयातल्या नवख्या डॉक्टरला आकड्याचाच आधार. आक्षेप खरा आहे, पण तिथे रात्री ही तपासणी होण्याचा संभव सर्वांत कमी. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, माणूस भ्रमात, या तीन खुणा बिछान्याशी मोजता येतात. त्याही बऱ्याच रुग्णांना हुकवतात आणि त्याच सूचना एकट्या त्यांच्या आधारे चाळणी लावू नका म्हणतात, हे कबूल करायलाच हवे. मला या बाबतीत आशा वाटते ती मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या आकारातील तफावतीची. विशिष्ट यंत्रांवर ती नेहमीच्या सीबीसीबरोबरच मिळते, वेगळी मागावी लागत नाही, आणि अमेरिकेत २०१९ साली तातडीच्या विभागासाठी तिला मंजुरी मिळाली. पण तिचेही काम शंका वाढवण्याचे, निकाल देण्याचे नव्हे. दुसरा आक्षेप वेळेचा. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांत अँटिबायोटिक देण्यातल्या दर तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटल्याचे कुमार यांच्या २००६च्या अभ्यासात दिसले. मग रिपोर्टची वाट कोण पाहणार? कोणीच पाहू नये. शॉकमध्ये तासाभरात औषध गेलेच पाहिजे. शॉक नसेल आणि शंकाही धूसर असेल, तर तपासायला तीन तासांपर्यंत मुभा आहे.

प्रोकॅल्सिटोनिनचे खरे चीज होते ते औषध थांबवताना. ब्रिटनमधल्या २७६० रुग्णांच्या अ‍ॅडॅप्ट-सेप्सिस चाचणीत, २०२४ साली, रोजच्या प्रोकॅल्सिटोनिनवर बेतलेल्या सल्ल्याने अँटिबायोटिकचे दिवस थोडे कमी झाले आणि मृत्यू वाढले नाहीत. सीआरपीने तसा फरक पडला नाही. नेदरलँड्समधल्या आधीच्या चाचणीत नियम होता: आकडा शिखरापासून ८० टक्के घसरला किंवा मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅमपर्यंत खाली आला, की औषध बंद करण्याचा सल्ला द्यायचा. ही घसरण मोजायची तर पहिल्या दिवसाचे रक्त घेऊन ठेवावेच लागते. फक्त त्या रिपोर्टसाठी पहिली सलाईन आणि पहिला डोस अडवून धरायचा नाही.