एका म्यानात दोन तलवारी

'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' अशी आपल्याकडे म्हण आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मराठी विभागाच्या संगणकात मी दोन तलवारी बसविल्या, आणि आज त्या गुण्यागोविंदाने नांदत आहेत. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला हा उपद्व्याप सुचलाच कसा, असे कोणी विचारील. म्हणून आधी कारण सांगतो.

आपल्या वार्षिकाच्या २००४ च्या अंकात, विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा एक विभाग होता. ग्रंथालयातल्या त्या अंकाच्या प्रती वाळवीने खाल्ल्या. उरली ती एक सीडी. ज्या आयाबायांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतल्या बहुतेक आता हयात नाहीत. सरांनी मोठ्या आशेने सीडी लावली. मजकुराच्या फाइलीत देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसला. पाने जुळवलेली फाइल तर उघडेचना.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. त्या काळच्या मराठी फॉन्टांत क्रमांकांच्या जेमतेम २५६ जागा असत. रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या त्याच जागांवर 'क'चा दांडा, अर्धा 'स', वेलांटी असे तुकडे बसविलेले असत, आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी. फॉन्ट नसला की मागे उरतात ते रोमन क्रमांक. आमचा फॉन्ट ज्या आज्ञावलीबरोबर येई, ती छपाईयंत्राच्या खोबणीत बसणाऱ्या एका चावीवाचून चालत नसे. आणि त्या चावीला ओळखणारी शेवटची कार्यप्रणाली म्हणजे २००१ साली आलेली विंडोज एक्सपी. विभागाच्या संगणकावर होती विंडोज ७.

असल्या वेळी बहुतेकांना पुरेल असा सोपा मार्ग म्हणजे आभासी संगणक. चालू कार्यप्रणालीच्या पोटात एक लटका संगणक उभा करावा आणि त्यात एक्सपी बसवावी. तो मी आधी करून पाहिला. पण आमची चावी त्या लटक्या संगणकापर्यंत पोहोचेना. तेव्हा एक्सपीला खऱ्याच घरात जागा देणे भाग होते.

येथे एक नियम लक्षात ठेवावा: जुनी कार्यप्रणाली आधी, नवी नंतर. नवी जुनीला ओळखते. विंडोज ७ बसविताना एक्सपी आधीपासून असली, तर ती आपल्या यादीत 'विंडोजची आधीची आवृत्ती' म्हणून तिची नोंद स्वतःच करून घेते. जुनीला मात्र आपल्यामागून कोण जन्मले याचा पत्ताच नसतो. आम्हांला हा नियम उलटा चालवायचा होता. सगळी गुंतागुंत त्यातून आली.

पहिले काम, सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढणे, आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे पाहणे. दुसरे, विंडोज ७ मधूनच तिची दुरुस्तीची सीडी तयार करून ठेवणे. मग 'डिस्क मॅनेजमेंट'मधून चालू भाग आक्रसून घेतला आणि मोकळ्या झालेल्या ४० गिगाबाइट जागेचा वेगळा भाग पाडला. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य भाग चारच पाडता येतात, हे आधी मोजून घ्यावे.

यानंतर एक्सपीची सीडी लावली, आणि थोड्याच वेळात निळा पडदा! त्यावरच्या आकड्याच्या शेवटी '७बी' होते. त्याचा अर्थ, डिस्कच सापडत नाही. नवी डिस्क ज्या पद्धतीने बोलते, तिला 'एएचसीआय' म्हणतात. ती भाषा एक्सपीच्या मूळ सीडीला येत नाही. बायॉसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या 'आयडीई' पद्धतीने बोलायला लावले की हे मिटते. मात्र ही पद्धत परस्पर बदलली, तर विंडोज ७ निळा पडदा दाखविते. म्हणून मी आधी सातमध्ये परत जाऊन, तिच्या 'रजिस्ट्री' नावाच्या नोंदवहीत आयडीईचे ड्रायव्हर सुरुवातीलाच जागे होतील अशी नोंद केली, आणि मगच बायॉसला हात लावला.

आता एक्सपी जागा विचारू लागली. येथे 'सी', 'डी' या अक्षरांवर मुळीच विसंबू नये. दोन्ही कार्यप्रणाली ती आपापल्या परीने लावतात. भाग ओळखावा तो आकारमानावरून. चुकीच्या ओळीवर 'डी' हे बटण दाबले, तर तो भाग पुसण्याची तयारी सुरू होते. मी ४० गिगाबाइटची ओळ तीनदा वाचली आणि मगच पुढे गेलो.

तासाभरात एक्सपी बसली. संगणक बंद करून चालू केला, तर थेट एक्सपी! विंडोज ७ चा कोठे मागमूस नाही. सरांचा चेहरा उतरला. खरे सांगायचे तर माझाही. पण सात पुसली गेली नव्हती. संगणक सुरू होताना डिस्कच्या आरंभीची थोडीशी आज्ञा वाचतो. सातची आज्ञा 'बूटमॅनेजर'ला हाक मारते, एक्सपीची 'एनटीएलडीआर'ला. एक्सपीने दारावरची पाटी तेवढी बदलली होती. आतले बिऱ्हाड जागेवरच होते.

दुरुस्तीची सीडी लावून 'बूटरेक' या आज्ञेने जुनी पाटी पुन्हा लावली. सात परत आली, आणि आता एक्सपी दिसेनाशी झाली! मग सातमध्ये जाऊन 'बीसीडीएडिट' या साधनाने तिच्या यादीत एनटीएलडीआरची नोंद केली. तो दुवा एक्सपीच्या ४० गिगाबाइटच्या भागाकडे नव्हे, तर संगणक ज्या भागावरून सुरू होतो त्या सक्रिय भागाकडे द्यावा लागतो, कारण एनटीएलडीआर आणि 'बूट.आयएनआय' तेथेच असतात. यानंतर संगणक सुरू करताच दोन नावे समोर आली.

दोन सूचना राहिल्या. एक्सपी सुरू झाली की सातने जपून ठेवलेले पूर्वस्थितीचे टप्पे पुसले जातात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. आणि एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी थांबला. म्हणून हा संगणक आम्ही इंटरनेटला जोडीत नाही. ज्या नव्या संगणकांतून जुन्या बायॉसची सोय काढून टाकलेली आहे, त्यांवर हा प्रयोग होणार नाही. तेथे आभासी संगणकच बरा.

चावी लावून फाइल उघडली, तेव्हा ओव्या जशाच्या तशा समोर आल्या. खाली सांगणारीचे नाव, गाव आणि वय. आम्ही त्या युनिकोडमध्ये उतरविल्या. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने बरीच जोडाक्षरे बिघडविली होती. ती चौघांनी बसून हाताने सुधारली.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ पासूनच आहेत. तरी पुढे कितीतरी वर्षे आपण निरनिराळ्या कुलपांत मराठी ठेवीत राहिलो. तुमच्याही घरी आजोबांच्या लेखांची, मंडळाच्या स्मरणिकेची एखादी सीडी पडून असेल. ती आजच लावून पाहा. चावी आणि ती ओळखणारा संगणक, दोन्ही शाबूत आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.