दहा दिवसांची गोळी

दरवर्षी ट्रेकवर लिहिणारा मी यंदा झोपेच्या गोळीवर लिहितोय म्हटल्यावर संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. पण आमच्या एकट्या विंगमध्ये मला धरून तिघं निघाले, म्हणून हा लेखप्रपंच.

एस.ई.च्या दुसऱ्या सेमला, ऐन पी.एल.मध्ये माझी झोप उडाली. गावाकडच्या एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम लिहून दिली. रात्री एक, दहा दिवस. पहिल्याच रात्री असा झोपलो की मेसचा नाश्ता हुकला! दहा दिवस संपले, पण मग ओरल्स आल्या, मग रिझल्टचं टेन्शन, मग टी.ई. खरं तर २०१३ च्या अधिसूचनेपासून ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये आहे. दुकानदारानं डॉक्टरचं, पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. पण जुनी चिठ्ठी दाखवली की एका मेडिकलमध्ये स्ट्रिप मिळायची, आणि मीही कशाला विचारतोय!

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईला पाकीट सापडलं. "या वयात झोपेच्या गोळ्या?" एवढंच म्हणाली. मी लाजेनं सगळं पाकीट कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड. तिसऱ्या दिवशी पणती लावताना काडी हातात थरथरत होती, आणि स्वयंपाकघरात झारा पडला तर मी दचकून उभा राहिलो. घरच्यांना वाटलं डेंग्यू. मला वाटलं, आपला मूळ आजारच इतका मोठा आहे की गोळीशिवाय जगणं शक्य नाही. हा जो निष्कर्ष मी काढला तो साफ चुकीचा होता. बहुतेक जण तोच काढतात आणि परत गोळीकडे वळतात.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन ब्रेकचं काम करतं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन मंडळी स्वतः ब्रेक लावत नाहीत. गाबानं लावलेला ब्रेक जास्त जोरात लागेल असं करतात. थोडक्यात, पॉवर ब्रेक. आठवड्यामागून आठवडे असं चाललं की मेंदू म्हणतो, ब्रेक फार लागतोय, आणि आपलं सेटिंग बदलतो. कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्यांना हे सांगायला नको. आता गोळी एकदम काढली तर सेटिंग तेच राहतं आणि मदत गेलेली असते. हातांचा कंप, घाम, आवाज सहन न होणं हे सगळं त्यातून येतं. तो मूळ आजार नव्हे, आणि मनाचा कमकुवतपणा तर नव्हेच. सेटिंग पूर्ववत होतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ न दिल्यास फिट येऊ शकते. यात जीवही जाऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये या सगळ्या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला.

शेवटी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मॅडम रागावतील वाटलं होतं. त्यांनी कागद ओढला आणि विचारलं, "इंजिनिअरिंगला ना तू? मग सांग, अर्धी-अर्धी मोडून कमी केलीस तर काय होईल?" ०.२५ ची गोळी अर्धी केली की पायरी ०.१२५ ची. म्हणजे ०.५, ०.३७५, ०.२५, ०.१२५, शून्य. दिसायला सारख्या पायऱ्या. पण चालू डोसच्या हिशेबात बघा: पहिली २५ टक्क्यांची, दुसरी ३३, तिसरी ५० आणि शेवटची पूर्ण १००. "आता थोडीशीच राहिलीय" म्हणून शेवटी घाई करणारे आपटतात ते इथे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपातीनं करावी असं म्हटलंय.

दुसरी भानगड हाफ-लाइफची. अल्प्राझोलामचं सरासरी ११ तास. रात्री १० ला घेतलेली सकाळी ९ ला निम्मी, आणि दुसऱ्या रात्री १० ला पाव भागही उरत नाही. रोज संध्याकाळी सातनंतर माझा जीव घाबरा व्हायचा आणि मी सबमिशनला शिव्या घालायचो! डायझेपाम मात्र रेंगाळतं. शरीरात त्याचा जो पुढचा पदार्थ बनतो तो काही जणांत शंभर तासांपर्यंत अर्धा उरतो. रेक्टिफायरला मोठा कपॅसिटर लावला की रिपल कमी होतो ना, तसं. (मेकॅनिकलवाल्यांनी फ्लायव्हील समजावं.) इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्रोफेसर हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ फक्त या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं आणि १९९९ मध्ये त्यावर मॅन्युअल लिहिलं. डायझेपामवर आणून मग हळूहळू उतरवायचं, हा त्यांचा मार्ग. त्यांच्या कोष्टकात ०.५ अल्प्राझोलाम म्हणजे अंदाजे १० मिलिग्रॅम डायझेपाम. माझी ती 'छोटीशी' गोळी!

मला १० वर आणलं, मग दर दोन आठवड्यांनी १ कमी, ५ च्या खाली अर्धा-अर्धा. हे माझे आकडे आहेत, तुमचे डॉक्टर वेगळे ठरवतील. सगळ्यांना बदलून द्यावंच लागतं असंही नाही. आणि ज्यांना ही औषधं फिटसाठी दिलीत त्यांनी हा लेख वाचून काहीही करू नये.

उतार सरळ रेषेत नसतो. पाच दिवस छान, मग दोन दिवस नुसतं भिरभिरणं. अशा वेळी मॅडम म्हणायच्या, "आहे तिथेच थांब. वर चढू नको, खालीही उडी नको." दोन्ही परीक्षांच्या वेळी मी दोन-दोन आठवडे थांबलो. वहीत रोज दहापैकी किती त्रास ते लिहायचो; महिन्यानं मागची पानं चाळल्यावर कळायचं की आकडे खरंच घसरतायत. टपरीवरचे चार कटिंग दोनवर आणले, चारनंतर एकही नाही. झोप लागो न लागो, सकाळी साडेसहाला उठायचं. दुपारी ताणून द्यायचा मोह आवरणं सगळ्यात कठीण गेलं. दारूला मात्र अजिबात हात लावायचा नाही. तीही गाबाच्याच ब्रेकवर जोर देते आणि दोन्ही एकत्र झाली तर श्वास थांबू शकतो. दहा दिवसांची गोळी सात महिने घेतली होती, सोडायला आठ महिने लागले. जुलैच्या मध्यावर शेवटचा पाव तुकडा घेतला, त्यानंतरच्या रात्री तीनपर्यंत जागाच होतो. पुढच्या आठवड्यात झोप आली, गोळीसारखी दणकट नव्हे, आपली साधी.

मी हे रूम पार्टनरला आणि रेक्टर सरांना सांगून ठेवलं होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती, पण सर फक्त म्हणाले, "रात्री काही झालं तर दार वाजव." कोणाशी बोलायचंच असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात. आणि पार्टनरला फिट आलीच तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूचं टेबल-खुर्ची हलवा, त्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, १०८ ला फोन लावा. आणि कोणती गोळी, किती दिवस घेत होता, कधी बंद केली, हे डॉक्टरांना न लपवता सांगा. रिकामी स्ट्रिप सापडली तर तीही बरोबर न्या.