हट्टी घोडा आणि इतर गैरसमज

ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या जर्मनीच्या अनिका श्लॉयला चिठ्ठीने 'सेंट बॉय' हा घोडा मिळाला. ओळख व्हायला मुदत २० मिनिटांची. आधीच्या फेरीत दुसऱ्या स्वाराखाली अडलेला तो घोडा पुन्हा अडला. ती रडत रडत चाबूक मारत राहिली आणि तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला गुद्दा घातला. पुढे या खेळातून घोडेस्वारीच गेली. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत असेल.

घोडा अडला की शेरा ठरलेला: हट्टी आहे. सगळ्यांत जास्त नुकसान याच समजुतीने केलं आहे. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी, दुखणं सहसा उघड करत नाही. पण खुणा देतो. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीच्या वेळच्या अशा २४ खुणा नोंदवल्या आहेत: कान बराच वेळ मागे पडलेले, शेपटीचे सतत फटके, तोंड वारंवार उघडणं. त्यांतल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर स्नायू, हाडं किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी खोगीर नीट बसतंय का, नाल, दात, पाठ हे आधी तपासायचं. यात स्वाराचाही जीव राखला जातो, कारण पाठ दुखणारा घोडा उडीपाशी अचानक थांबतो किंवा उसळतो आणि स्वार जमिनीवर येतो. घोड्याची काळजी वेगळी आणि माणसाची सुरक्षा वेगळी, असं मला कधीच पटलेलं नाही.

'घोड्याची कातडी जाड, चाबूक लागत नाही' हेही खोटं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२०मध्ये माणसाची आणि घोड्याची त्वचा तपासली. वेदना टिपणारा बाहेरचा थर आणि त्यातली मज्जातंतूंची टोकं, दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही.

नाकावरचा पट्टा घट्ट आवळला की घोडा ताब्यात राहतो, असं मानणारे आहेत. त्याने फक्त तोंड उघडता येत नाही, म्हणजे तक्रार दिसत नाही. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ २०२५पासून पट्ट्याखालची जागा मापकाने तपासतो. नाकाच्या हाडावर दीड सेंटिमीटर मोकळीक हवीच.

घामाघूम घोड्यावर गार पाणी ओतलं तर स्नायू आखडतात, ही भीतीही जुनी. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उकाड्यासाठी झालेल्या अभ्यासाने ती खोडून काढली. भरपूर गार पाणी, सगळ्या अंगावर, सलग ओतत राहणं हाच उष्माघातावरचा जलद उपाय. आपल्या एप्रिल-मेमध्ये प्रत्येक मोतद्दाराला हे माहीत हवं.

आणि हेल्मेट नवशिक्यांसाठीच नसतं. ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारातल्या उंच टोपीची परवानगीसुद्धा २०२१पासून संपली. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

मुलांना उन्हाळी शिबिरात घोडेस्वारीला घालणार असाल, तर फी विचारण्याआधी तबेल्यात जा. घोड्यापुढे चारा दिवसभर असतो का ते पाहा, कारण त्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं आणि उपाशी ठेवलं की व्रण पडतात. नाकपट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा. घोडा अडला तर तुम्ही काय करता, हे प्रशिक्षकांना विचारा. उत्तर 'चाबूक' आलं, तर मुलाला तिथे घालू नका.