पोपटातला प्राण

माझ्या टेबलावर पाटाएवढी एक राखाडी प्लास्टिकची पेटी आहे. तिच्यात ‘सुपर स्ट्रीट फायटर टू’ हा १९९३ चा आर्केड गेम आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं या पेट्यांना प्रदेशानुसार रंग दिले होते. राखाडी रंग आशियाचा. पेटी उघडली की आतल्या सर्किट बोर्डावर, चिपांच्या गर्दीत अंगठ्याच्या पेराएवढी एक बॅटरी दिसते. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असायचा. या गेमचा प्राण त्या बॅटरीत आहे.

गेमचा प्रोग्राम चिपमध्ये सांकेतिक रूपात, जणू कुलूपबंद करून साठवलेला असतो. ते कुलूप उघडणारी किल्ली एका छोट्याशा मेमरीत असते आणि ती मेमरी ३.६ व्होल्टच्या या बॅटरीवर तगते. नकली बोर्ड बनवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी केलेली ही योजना. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. बाकी सगळ्या चिपा धडधाकट असतात, पण प्रोसेसरला स्वतःचाच प्रोग्राम वाचता येत नाही. जगभरचे हौशी दुरुस्तीवाले तिला ‘आत्महत्येची बॅटरी’ म्हणतात.

नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या एसटी स्टँडमागे व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपया मुठीत धरून आम्ही पोरं तिथं नंबर लावायचो. सगळ्यांचा लाडका गेम ‘मुस्तफा’. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, हे फार उशिरा कळलं. त्याच्या मूळ बोर्डावर आवाजाच्या प्रोसेसरची किल्लीसुद्धा अशीच बॅटरीच्या जिवावर असते, हे तर चाळिशीत, हातात सोल्डरिंग गन आल्यावर कळलं.

चार दिवस कमावण्यासाठी

या यंत्रांच्या दुरुस्तीची गोष्ट यंत्रांइतकीच जुनी आहे. १९७२ मध्ये अटारी कंपनीच्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ बनवला. पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथं ‘अँडी कॅप्स टॅव्हर्न’ या बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न यांनी जाऊन उघडून पाहिलं, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरला होता. नवं नाणं आत पडायला जागाच उरली नव्हती.

गल्ला भरणं हेच या यंत्रांचं काम. एका गेमची कमाई घटली की दुसरा आणायचा. १९८१ मध्ये अमेरिकेत निन्टेंडोकडे ‘रडार स्कोप’ची न खपलेली यंत्रं पडून होती, त्यांच्यातच फेरफार करून ‘डाँकी काँग’ बसवला गेला. पुढं जपानी उत्पादकांच्या ‘जाम्मा’ या संघटनेनं ५६ टोकांच्या जोडणीचं मानक ठरवलं आणि हे काम अगदी सोपं झालं. कपाट तेच, पडदा तोच; जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा.

म्हणजे तीस-चाळीस वर्षं टिकावीत म्हणून ही यंत्रं कुणी बनवलीच नव्हती. कमाईचे चार दिवस सरल्यानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य दुरुस्ती करणाऱ्या हातांनी दिलेलं आहे.

नाडीपरीक्षा

बोर्ड आला की वीज जोडायची घाई करायची नाही. आधी नुसतं बघायचं. धूळ, गंजलेले सॉकेट, वाकलेले पाय, ओरखडे. जोडणीची तांब्याची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. मग वीज, आणि मल्टिमीटर थेट बोर्डावरच लावून पाच व्होल्ट मोजायचे. पॉवर सप्लायपाशी पाच असलेले व्होल्ट जुन्या वायरींतून बोर्डापर्यंत येताना घसरतात. ४.७५ च्या खाली गेले की चिपांचा भरवसा नाही. कितीतरी ‘मेलेले’ बोर्ड एवढ्यानंच उठून बसतात.

पुढचं साधन लॉजिक प्रोब. पेनासारखं असतं, टोक चिपच्या पायाला टेकवायचं. एक दिवा म्हणजे सिग्नल वर, दुसरा म्हणजे खाली, लुकलुकत असेल तर तिथं हालचाल आहे. माझ्या एका बोर्डावर सगळ्या लढवय्यांच्या अंगावर उभ्या रेघा यायच्या. पार्श्वभूमी स्वच्छ, आवाज खणखणीत. रेघा ठरावीक अंतरावर होत्या. म्हणजे चित्रं साठवणाऱ्या चिपांपैकी एकीचाच माल पोचत नव्हता. तिचे पाय एकेक करत तपासले. सगळे लुकलुकत होते, एक सोडून. भिंगाखाली पाहिलं तर तो पाय सॉकेटात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडला गेला होता. चिमट्यानं सरळ केला, चिप पुन्हा बसवली आणि रेघा गेल्या. तीन रात्रींचा शोध, दोन मिनिटांचं काम.

पडद्याची गोष्ट वेगळी. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहतो. चेसिसला तार जोडलेला लांब स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवून तो आधी उतरवावा लागतो. हे काम जाणत्या माणसाजवळ बसून शिकावं. पुस्तकात वाचून करू नये. उरलेली दुरुस्ती बहुतेक वेळा कपॅसिटरांची असते. त्यांच्यातलं द्रावण सुकतं आणि चित्र आक्रसतं, कडांना लहरतं. ते बदलता येतात. ट्यूब मात्र गेली की गेली. अशा ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या मोजक्या कंपन्यांत मराठवाड्यात वाढलेली व्हिडिओकॉन होती. तिथलंही उत्पादन २०१५ च्या सुमारास थांबलं. आता प्रत्येक चांगली ट्यूब ही कुठल्या तरी भंगारात निघालेल्या टीव्हीची देणगी असते.

किल्ली कुणी शोधली?

१९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ ही प्रणाली सुरू केली. जुन्या आर्केडचे प्रोग्राम संगणकावर चालवून जपणं हा तिचा हेतू. मग कपाटं कशाला दुरुस्त करायची, असं मला विचारलं जातं. पण ही दोन्ही कामं एकमेकांच्या आधारानं चालतात. शंकास्पद चिप मी वाचतो आणि ‘मेम’साठी जपलेल्या प्रतीशी ताडून पाहतो, बिघडलेला भाग लगेच सापडतो. आणि त्या प्रती आल्या कुठून? कुणी तरी जिवंत ठेवलेल्या बोर्डांवरूनच.

त्या कुलुपाचंही तसंच झालं. २००७ मध्ये साल्मोरिया आणि अँड्रियास नाइव्ह या टोपणनावानं वावरणारा संशोधक यांनी सांकेतिक लेखनाची पद्धत उलगडली. २०१६ मध्ये हौशी संशोधकांनी मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरण्याची रीत शोधून सगळ्यांसाठी खुली केली. पोपट मेला तरी राक्षस आता उठवता येतो.

तरीही वेळेवर बॅटरी बदलणं हेच उत्तम. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी ती मागितली, तेव्हा दुकानदार काकांनी विचारलं, “पीएलसीची ना? भोसरीवाले नेतात ती?” तीच. कारखान्यातली यंत्रं चालवणारं पीएलसी ज्या बॅटरीवर आपली आठवण जपतं, तिच्यावरच आमचा गेमही.

जुनी बॅटरी काढल्यापासून नवी बसेपर्यंत जवळच्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर किल्ली काही मिनिटं तग धरते. मी वीज बंद केली, पेटी उघडली. बॅटरीशेजारी पिवळी पडलेली चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पेनानं लिहिलेली एक तारीख, अठरा वर्षांपूर्वीची. कोण, कुठला, काही माहीत नाही. आपल्यानंतर पेटी उघडणाऱ्याला हिशेब कळावा म्हणून त्यानं ती लिहून ठेवली होती.

नवी बॅटरी बसवली, वीज जोडली. पडदा उजळला आणि ओळखीचं संगीत खोलीभर झालं. मग पुन्हा वीज बंद केली, आणि झाकण लावण्याआधी त्या पट्टीखाली दुसरी पट्टी चिकटवून तिच्यावर आजची तारीख लिहिली.