मनाचे औषध आणि हृदयाची लय

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण घरी परततो आणि काही आठवड्यांत अबोल होतो. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, गोळ्या घेण्याचाही कंटाळा येतो. अशा वेळी नैराश्यावरील औषध लिहून दिले, की नातेवाईक हलक्या आवाजात विचारतात, "डॉक्टरसाहेब, या गोळ्यांनी हार्टवर परिणाम होतो म्हणे?" प्रश्न रास्त आहे. परिणाम होतो, परंतु सर्व गोळ्यांचा सारखा नाही.

हृदय आपल्या अंगभूत लयीने स्पंदते, पण त्या लयीचा लगाम मज्जातंतूंच्या हाती असतो. अनुकंपी तंतू नॉरॲड्रिनॅलिन सोडून गती वाढवितात, तर व्हेगस हा तंतू ॲसिटिलकोलिन सोडून ती आवरतो. संदेश पोहोचताच नॉरॲड्रिनॅलिनचा बहुतेक भाग तंतूचे टोक पुन्हा शोषून घेते. हे शोषण अडले, की संदेश रेंगाळतो.

स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलांड कून यांनी १९५७ मध्ये नैराश्यावरील ज्या इमिप्रामिनचा गुण जगापुढे मांडला, ते नेमके हेच शोषण अडविते. तंतूचे टोक मेंदूतील की हृदयातील, हे औषधास कळत नाही. शिवाय ते व्हेगसचा संदेशही दडपते. म्हणून नाडी जलद चालते, तोंडास कोरड पडते. हृदयस्नायूंतील सोडियमची द्वारेही ते अडवीत असल्याने विद्युत्‌लहर मंदावते. अतिमात्रा झाल्यास हे प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच झटक्यानंतर या गटातील औषधे शक्यतो टाळली जातात. याच गटातील अमिट्रिप्टिलिन पायांच्या जळजळीसाठी वा अर्धशिशीसाठी आजही दिले जाते. 'मनाचे औषध' म्हणून दिलेले नसल्याने घरच्यांना त्याचा उल्लेख करणे सुचतही नाही.

पुढे सेरोटोनिनचेच पुनर्शोषण मुख्यत्वे रोखणारी औषधे आली. त्यांपैकी सर्ट्रालिनची पाहणी नुकताच झटका आलेल्या किंवा अस्थिर अंजायना असलेल्या ३६९ नैराश्यग्रस्त रुग्णांवर झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हृदयाच्या कार्यास वा लयीस अपाय आढळला नाही. मात्र याच कुळातील सिटॅलोप्रॅम मोठ्या मात्रेत ठोक्यानंतरची विद्युत् विश्रांती लांबविते. त्यामुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०११ मध्ये त्याची कमाल मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅम ठरविली आणि २०१२ मध्ये साठीपुढील रुग्णांसाठी २० मिलिग्रॅमची शिफारस केली. ॲस्पिरिन चालू असताना या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोकाही थोडा वाढतो.

मग औषध नकोच, असे कोणी म्हणेल. परंतु मॉन्ट्रियल येथील २२२ रुग्णांच्या १९९३ च्या अभ्यासात, झटक्यानंतर नैराश्य आलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. उपचार न करणे हेही निरुपद्रवी नाही.

यास्तव आम्ही आधी ईसीजी पाहतो, मग औषध निवडतो. घाबरून गोळी एकाएकी बंद करू नये. चक्कर, धडधड वा शुद्ध हरपल्यास तत्काळ यावे. येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत, पाहुण्यांपासून लपवून ठेवलेलीसुद्धा.