पापड, ऊन आणि वाकणारी फिल्म

मुलुंडच्या गच्चीवर वाळत घातलेला पापड कडेने वर वळतो, हे आपण पाहिलंय. वरची बाजू आधी सुकते, आकसते. खालची अजून ओलीच. आजचा विषय एवढ्यावरच उभा आहे.

२००३ साली जपानमध्ये तोमिकी इकेदा आणि सहकाऱ्यांनी केसापेक्षा पातळ प्लास्टिकची फिल्म नुसत्या प्रकाशाने वाकवली. मोटर नाही, वायर नाही! तिच्यात अझोबेन्झीनचे रेणू होते, सरळ काडीसारखे. अतिनील प्रकाश पडला की काडी मधेच दुमडते, शेजारच्या काड्यांची रांग विस्कटते. प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, तोच थर आकसतो आणि फिल्म प्रकाशाकडे वळते. पापड मात्र वळला तो वळला. ही फिल्म दृश्य प्रकाश टाकला की पुन्हा सपाट. २००८ मध्ये इकेदांच्या गटाने असाच पट्टा दोन चाकांवर चढवून, एकीकडे अतिनील, दुसरीकडे दृश्य प्रकाश टाकून फिरवलाही.

मग बाल्कनीतल्या उन्हावर पंखा फिरेल का? हा प्रश्न आम्हाला हमखास विचारतात. नाही फिरणार. उन्हात दोन्ही प्रकाश एकदमच येतात, त्यात अतिनील थोडा. आणि जोर वाढवायला पट्टी जाड केली, तर प्रकाश आत पोचतच नाही. वायर नेता येत नाही अशा जागची इवलीशी झडप उघडायला मात्र एवढा जोर पुरतो.