जुन्या जीपचा नट कशाने अडवायचा?

जालना 1 मे 1981 रोजी जिल्हा झाला. मराठवाड्यात शेतीवाडीवर राबलेल्या विलीज बनावटीच्या कितीतरी जीपा त्याहून वयाने मोठ्या आहेत. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी त्या मुंबईत जोडायला घेतल्या. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशी जीप उभी करताना सगळ्यांचा जीव रंगात आणि हुडात अडकतो. माझ्या मते मिस्त्रीची पारख नटांवरून करावी.

नट ढिला होतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्याने. जोडलेले भाग एकमेकांवर सरकू लागले की आट्यांतली पकड क्षणभर सुटते आणि नट आपणहून फिरतो. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवले. गॅरेजमध्ये स्प्रिंग वायसरवर फार भरवसा असतो, पण नट पुरता आवळला की तो चपटा होतो आणि अशा हादऱ्यापुढे फारसा टिकत नाही. जोड धरून ठेवतो तो बोल्टमधला ताण.

म्हणून जिथे नट सुटला तर जीव जाईल, तिथे नुसत्या घर्षणावर विसंबू नये. टाय रॉडच्या टोकाला खाचांचा कॅसल नट असतो. तो ठरलेल्या जोराने आवळायचा. बोल्टमधले भोक आणि नटाची खाच जुळली नाही तर पुढची खाच येईपर्यंत आणखी आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही. मग नवी स्प्लिट पिन घालून तिचा एक पाय बोल्टच्या टोकावर आणि दुसरा नटावर दुमडायचा. काढलेली पिन पुन्हा वापरू नये, ती वाकवलेल्या जागी तुटते. पुढच्या चाकाच्या बेअरिंगला मात्र दोन नट असतात. त्यांच्यामधल्या वायसरची कड दुमडून ते जागीच अडवतात.

विलीजच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरताना ते सुटू नयेत, हा त्यामागचा विचार. हे ठाऊक नसलेला माणूस पाना उलटा लावून स्टड मोडतो.

आत नायलॉनची कडी असलेला नट सोयीचा खरा, पण साधारण 120 अंशांपुढे त्यातले नायलॉन हार खाते. एक्झॉस्टजवळ तो नकोच, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट हवा. लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावायचा तर आधी आट्यांत मुरलेले तेल काढा.

जालन्यात लोखंडाला तोटा नाही, इथल्या रोलिंग मिलची सळई दूरवर जाते. पण बांधकामाच्या सळईतून आटे पाडून स्टिअरिंगचा बोल्ट करू नका. तिथे मूळ मापाचा, ठरलेल्या ग्रेडचाच बोल्ट लागतो. जीप रस्त्यावर आली की पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.